चव नोंदवही

मुलांच्या आधी मी खाते.
तसा नियमच आहे.
वाटीत एक पळी, दोन घास, मग वही:
तारीख, पदार्थ, चव, सही.
चवीच्या रकान्यात अकरा वर्षं
मी 'चांगली' लिहीत आले.
तेवढंच मावतं तिथं.

तेव्हा खिचडी यायची डब्यातून,
कुठल्याशा मोठ्या किचनात पहाटे चारला शिजलेली,
रामटेकडीच्या सिग्नलला तिष्ठून
वैदूवाडीत पोचेस्तोवर
सुरीनं कापावी अशी.
अर्सलाननं एकदा गाजराचे तुकडे मोजले:
सात.
ताटात नव्हे, अख्ख्या डब्यात.
त्या दिवशीही मी लिहिलं, चांगली.

मग ठेका संपला, कागद फिरले,
आणि भंगार बाकांच्या खोलीत दोन शेगड्या आल्या.
शेगड्यांमागून शकिला बागवान.
ती साडेदहाला तेलात लसूण टाकते
आणि वर चौथीचा भागाकार बिघडतो.
मी खिडकी लावून घ्यायचे आधी.
आता उदाहरणंच बदलली:
नळामागच्या वाफ्यात दोन किलो मेथी निघाली,
मुलं दोनशे चौदा,
प्रत्येकाला किती?
फळ्यावर बराच वेळ खडू थांबला.
नऊ ग्रॅम, बाई. आणि थोडं उरतं.
उरलेलं कुणाचं, यावर भांडण झालं.

वाफा म्हणजे काय,
हात धुतलेलं पाणी जिथं नुसतंच तुंबायचं
तिथं मोडक्या बाकांची चौकट.
अळू माजलं. दोडक्यानं
झेंड्याच्या खांबाकडे तोंड वळवलं,
त्याला दोरी बांधून परत आणलं.
नऊ ग्रॅमनं पोट भरत नाही, खरं आहे.
म्हणून इंदूताई कुंजीर.
मार्केट यार्डात माल उतरवून
टेम्पो कुंजीरवाडीला परत निघतो,
त्यात आमचे दोन क्रेट मागे राखलेले.
मुळा मातीसकट, पालक ओलं.
भाव विचारला तर ती यार्डातली पट्टी दाखवते:
हाच. आडत नाही, हमाली नाही.
हमालीला सातवीची पोरं आहेतच, फाटकापासून.

कारल्याचा बेत मात्र फसला.
दोनशे चौदा ताटांच्या कडेला
हिरवी कंपाउंड वॉल.
शकिला काही बोलली नाही, पातेलं जरा जोरात घासलं.
मी वहीत लिहिलं: कडू.
साहेब तपासणीला आले, बोट ठेवलं,
हे काय लिहिलंय, मॅडम?
कडू होती, सर.
त्यांनी मागची पानं चाळली,
चांगली चांगली चांगली चांगली,
आणि का कोण जाणे, हसले.

परवा मी तण उपटत होते.
गौतमी कसबे मागं येऊन उभी राहिली,
हातातलं काढून घेतलं
आणि माती झटकली.
बाई, ही घोळ आहे.
आई साइटवरनं खुडून आणती,
दहाव्या मजल्याच्या पाण्यावर
खाली लई येती.
मी अकरा वर्षं शिकवते,
परिसर अभ्यास सुद्धा.
विचारलं, खातात?
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं मी कुणाकडे बघते,
सातचा पाढा चुकल्यावर.

तर आज आमटीत घोळ.
मुलांच्या आधी मी खाल्ली, नियमानं.
पेन उघडलं, आणि अडले.
गौतमीला बोलावलं, वाटी दिली,
काय लिहू सांग.
तिनं डोळे मिटले.
आंबट.
लिहिलं.
आणि जराशी बुळबुळीत, पण वाईट नाही.
लिहिलं, रेघ ओलांडून.
आणि अजून पाहिजे.
तेही लिहिलं.
सहीला जागा उरली नाही.
मग समासात केली,
आडवी, वाफ्याकडच्या बाजूला.